टायपिंगबाईंचा दुसरा आवाज

बोर्ली पंचतनात माझ्या वयाची जी माणसं आज कचेरीत, बँकेत नाहीतर आखातात खुर्चीवर बसून पगार घेतायत, त्यातल्या बऱ्याच जणांनी पाटकरबाईंच्या शिव्या खाल्लेल्या आहेत. मीही खाल्ल्यात. बाईंचं नाव पाटकर नव्हतं, त्यांच्या भाच्याचं नावही प्रकाश नाही. पण शिव्या खऱ्या आहेत आणि बाकीचंही खरं आहे.

बाई टायपिंगचा क्लास चालवायच्या. बाजारपेठेत, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर, दहाबारा मशिनं आणि एक पंखा. पंख्याचा वारा बाईंच्या टेबलापर्यंतच यायचा. मशिनांची एवढी खडखड चालू असूनही बाईंचा आवाज खाली रस्त्यावर ऐकू जायचा. "पाठारे, मान खाली का गेली? बोटांना डोळे फुटलेत का तुझ्या?" हे एस्टीची वाट बघत उभ्या असलेल्या अख्ख्या गर्दीने ऐकलेलं आहे. पाठारेचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडच्यांनी चौकशी केली म्हणे, हा तोच का, मान खाली घालणारा?

मान खाली घालायची नाही, हा बाईंचा एकच कायदा. नव्या पोराच्या हातांवर त्या पुठ्ठ्याचा खोका उपडा घालायच्या. एका बाजूने हात आत, वर खोक्यावर छापलेली बिस्किटांची जाहिरात, आणि नजर डावीकडच्या कागदावर. काय उमटतंय तेही बघायचं नाही. पान संपलं की काढायचं, मग चुका मोजायच्या, मग मार. "बोटांना आपण सांगायचं नसतं रे, बोटांनी आपल्याला सांगायचं असतं," असं त्या म्हणायच्या. आम्हाला त्याचा अर्थ ओ की ठो कळायचा नाही. बाई स्वतः तर कागदाकडेसुद्धा बघायच्या नाहीत. कुणाचा तरी ग्रामपंचायतीचा अर्ज मनातल्या मनात जुळवून टाइप करत असायच्या, डोळे समोरच्या पोराच्या तोंडावर रोखलेले, आणि तोंडाने त्या पोराची सात पिढ्यांची उजळणी चालू. हात एक बोलतायत, जीभ दुसरं. मधूनच डबी उघडून मशेरी लावायच्या, तेवढाच आम्हाला विसावा.

लग्न केलं नाही त्यांनी. का, ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

मग एक दिवस माडीवर कॉम्प्युटर चढला. विंडोज नाही, माऊस नाही, काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. त्यात मराठी लिहायचा जो प्रोग्राम होता त्याची सगळी अक्षरं टाइपरायटरवर होती तिथेच होती, त्यामुळे बाईंच्या बोटांना नवं काही शिकावं लागलं नाही. फक्त त्या प्रोग्रामबरोबर बोटभर लांबीचं एक कुलूप यायचं. ते कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या खोबणीत बसवायचं. बसवलं नाही तर प्रोग्राम 'कुलूप सापडत नाही' असं लिहून बंद पडायचा. कुणी फुकट्याने नक्कल करून वापरू नये म्हणून ही सोय. बाई संध्याकाळी ते कुलूप काढायच्या आणि कनवटीला लावून घरी न्यायच्या.

आमच्या बॅचला फैयाज मुकादम होता. हुशार आणि उद्योगी. त्याने मुंबईहून त्याच प्रोग्रामची एक चोरटी नक्कल पैदा केली, जिला कुलूप लागतच नव्हतं, आणि फ्लॉप्या करून पोरांत वाटल्या. बाईंना कळलं. त्या दिवशी खाली भांडीवाल्याने गिऱ्हाइकाशी बोलायचं थांबवलं आणि तो जिन्याखाली येऊन उभा राहिला. "चोराच्या हाताला मी वळण लावत नाही. ऊठ!" फैयाज जिना उतरला तो रडतच. परीक्षा तोंडावर होती त्याची. त्याचा बाप येऊन हातापाया पडला, तरी बाई बधल्या नाहीत. पुढे तो आखातात गेला आणि आमच्यातल्या सगळ्यांपेक्षा जास्त कमावून आला, ही गोष्ट वेगळी.

क्लास यथावकाश बंद पडला. मी बोर्लीच्या नाक्यावर झेरॉक्स, लॅमिनेशन आणि लॅपटॉप-मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं. बाई तो जुना कॉम्प्युटर घरी घेऊन गेल्या आणि लोकांचे अर्ज टाइप करून देत राहिल्या. घरात भाचा प्रकाश. सुपारीची वाडी तोच बघायचा. आईबाप लवकर गेले, बाईंनीच वाढवला. बाई जेवढ्या तिखट तेवढा हा गोड. इतका गोड की राग यावा. कुणाला नाही म्हणणं त्याच्या जिवावर यायचं.

ते मोठं वादळ आलं त्यात प्रकाशची अर्धी वाडी आडवी झाली, घराचे पत्रे उडाले आणि कॉम्प्युटरमध्ये पाणी शिरून तो कायमचा गेला. प्रोग्रामच्या फ्लॉप्या ट्रंकेत होत्या म्हणून वाचल्या, आणि कुलूप वाचलं, कारण ते कनवटीला होतं. पुढच्या वर्षी बाईंचा आवाज बसला. आधी सर्दी म्हणून काढे झाले, मग गुळण्या, मग मुंबई. घशात कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढून टाकलं आणि गळ्याला श्वासासाठी भोक ठेवलं. ज्या आवाजाने आम्ही घामेघूम व्हायचो, तो कुठल्याशा बरणीत गेला.

गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं. ते बाईंनी एकदाच लावलं. घरघरत दोन शब्द निघाले, ते ऐकून शेजारचं पोर घाबरून रडायला लागलं, आणि यंत्र डब्यात गेलं ते गेलंच. लिहून दाखवावं तर काचबिंदूने नजर अधू झालेली, एका ओळीवर दुसरी ओळ चढायची. त्यातून बाईंचं अक्षर मुळातच भयंकर. जन्मभर टाइप केल्यावर दुसरं काय होणार. मोबाईलच्या काचेवर बोटांना खाली काही लागत नाही, तर ती शोधणार काय? असे सहा-सात महिने गेले. मग एका सकाळी प्रकाश त्यांना घेऊन माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, "संजू, आत्याला बोलायचंय रे."

मी म्हटलं, हात्तिच्या, त्यात काय. लॅपटॉपला जुना मोठ्या बटणांचा कीबोर्ड जोडला, टाइपरायटरच्या धर्तीचं नवं मराठी टाकलं आणि खुर्ची पुढे केली. बाई बसल्या. पाठ ताठ, नजर माझ्या तोंडावर, आणि बोटं सुटली. स्क्रीनवर जे उमटत होतं त्यातलं निम्मं बरोबर आणि निम्मं भलतंच. नव्या लोकांनी चार-पाच अक्षरं इकडची तिकडे हलवली होती. बाईंना स्क्रीन दिसत नव्हती, पण माझं तोंड दिसत होतं. त्या थांबल्या. काउंटरवरचं पेन उचललं आणि माझ्या पावतीपुस्तकावर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं, 'तोतरी केलंस मला.'

मला ते फार लागलं. ठरवलं, बाईंना त्यांचाच जुना प्रोग्राम मिळवून द्यायचा. नव्या कॉम्प्युटरवर तो थेट चालत नाही. त्यासाठी एम्युलेटर म्हणून एक प्रोग्राम असतो, तो नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेऊन बसतो आणि जुन्या प्रोग्रामला वाटतं आपण आपल्याच काळात आहोत. हे मी बाईंना समजावलं. त्यांनी मान डोलावली, कनवटीचं कुलूप काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

आता हे लावू कुठे? आजच्या लॅपटॉपला ती खोबणीच नसते. मी अडॅप्टर मागवले, जोडून बघितले, प्रोग्राम आपला 'कुलूप सापडत नाही' म्हणतोय. अरे, हातात आहे ना कुलूप, डोळे फुटले का तुझे! माझ्या दुकानात त्या आठवड्यात कुणाचं काम झालं नाही. ज्या माणसाने पैसे मोजून माल घेतला आणि एवढी वर्षं कनवटीला जपला, त्यालाच प्रोग्राम आत घेईना. शेवटी मी जिभेला हाड नसल्यासारखं बाईंना सांगून टाकलं, "आता चालेल तर फैयाजची नक्कलच चालेल."

बाईंनी कुलूप परत मागून घेतलं आणि कनवटीला लावलं. मग हाताने खूण केली, बोलाव.

फैयाज आखातातून कायमचा परतला होता. लोक तिकडून सोनं आणतात, याने आपल्या जुन्या सगळ्या फाइली आणलेल्या. फ्लॉपीतून सीडीत, सीडीतून पेनड्राइव्हमध्ये, काही म्हणून टाकलेलं नाही. तो बाईंच्या घरी आला तो पोरासारखा दारातच उभा राहिला. आम्ही ती नक्कल एम्युलेटरमध्ये घातली. आधी अक्षरं सुसाट पळायला लागली, एक बटण दाबलं की तेच अक्षर ओळभर. नवं मशीन फार वेगाचं होतं. मी सोंगातल्या कॉम्प्युटरचा वेग कमी करत करत आणला, अगदी माडीवरच्या मशीनइतका. काळा पडदा, पांढरी अक्षरं. बाईंनी बोटं ठेवली, फैयाजच्या तोंडाकडे बघितलं आणि एका दमात लिहिलं, 'फैयाज, चोरीचं ते चोरीचंच. रविवारी जेवायला ये.' फैयाज हसायला लागला आणि हसता हसता त्याने रुमाल काढला.

त्या दिवसापासून बाई पुन्हा बोलायला लागल्या, आणि बोलायला लागल्या म्हणजे काय, सुटल्याच. ओटीवर टेबल, टेबलावर लॅपटॉप आणि खडखडणारा कीबोर्ड. येणाऱ्याने समोर बसायचं नाही, बाजूला येऊन स्क्रीन वाचायची. बाई मात्र बघणार आपल्या तोंडाकडे. एकदा मी म्हटलं, "बाई, हे सगळं सेव्ह करून ठेवू का?" त्यांनी आधी पडदा पुसला आणि मग लिहिलं, 'बोललेलं कुणी साठवतं का रे गाढवा?'

भरडखोलहून मासे घेऊन येणारी कोळीण होती, तिला वाचता येत नव्हतं. बाई टाइप करायच्या आणि प्रकाश वाचून दाखवायचा. एकदा मी तिथेच होतो. स्क्रीनवर बाईंनी लिहिलं होतं, 'हे बोंबील कालचे आहेत. मी आंधळी होत चाललेय, नाक शाबूत आहे. तुझ्या सासूने असला माल कधी आणला नाही.' प्रकाशने वाचलं, "आत्या म्हणते, थोडे ताजे असते तर बरं झालं असतं."

कोळीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "येवरंच? मंग येवरा येल काय टकटक करत व्हती गो?"

बाईंनी प्रकाशच्या पाठीत असा गुद्दा घातला की तो ओटीवरून खाली. कोळीण हसून हसून पाटीवर बसली. बाई रागाने टाइप करत राहिल्या, 'याच्या तोंडून माझं बोलणं म्हणजे पाणी घातलेली कढी.' प्रकाशने तेही वाचलं नाही. म्हणाला, "आत्या म्हणते, दे थोडे."

एम्युलेटरची दुखणी चालूच असायची. विंडोजवाल्यांना रात्रीतून काही सुचलं की सकाळी बाई मुक्या. मग प्रकाशचा फोन, मी दुकान तसंच टाकून स्कूटरवर. कधी पडदा अर्धाच दिसायचा, कधी चुकीची दोन बटणं एकदम दाबली की बाई आपल्या काळात अडकायच्या आणि बाहेर यायची वाटच सापडायची नाही. कीबोर्डवर वर उजवीकडे स्क्रोल लॉक म्हणून एक बटण असतं. आजकाल त्याला कुत्रं विचारत नाही, पण या प्रोग्राममध्ये ते दाबलं की मराठीचं इंग्रजी व्हायचं आणि परत दाबलं की मराठी. मी पहिल्याच दिवशी त्याच्यावर औषधाच्या दुकानात मिळते ती चिकटपट्टी लावून टाकली. त्यामुळे ते कधी दाबलं गेलं नाही आणि प्रकाशला त्याचं नाव सांगायची वेळ आली नाही.

दोन वर्षं बरी गेली. मग बाईंच्या जबड्याखाली गाठ आली. त्यांनी मला बोलावून घेतलं. मी शेजारी बसलो, त्यांनी लिहिलं, 'परत आलंय. मुंबईला नेतायत.'

"काय म्हणतात डॉक्टर?"

'ते म्हणतील ते म्हणतील. गेल्या वेळी सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि मला कळवलं. या वेळी मी सांगणार. मशीन बरोबर जाणार. वाटेत बिघडलं तर तुझं तंगडं मोडीन.'

मी लॅपटॉप साफ केला, दुसरा चार्जर घातला, विंडोजच्या सगळ्या अक्कल शिकवण्या बंद केल्या, आणि प्रकाशला चालू-बंद कसं करायचं ते तीनतीनदा करून दाखवलं. वर त्याला बजावलं, काही झालं तरी हे त्यांच्या हाताखाली राहिलं पाहिजे. तो म्हणाला, "म्हणजे काय, आत्याचा आवाज आहे तो."

मुंबईला काय झालं ते मी बघितलेलं नाही. प्रकाशने फोनवर सांगितलं तेवढंच मला माहीत, आणि तो खोटं बोलणारा माणूस नाही.

डॉक्टरांचं म्हणणं पडलं, खालचा जबडा आणि जिभेचा काही भाग काढावा लागेल, मग नळीने जेवण, आणि तरीही किती दिवस मिळतील सांगता येत नाही. हे बाईंना सांगायचं तर त्यांच्या अंगातलं सोडियम उतरलं आणि त्यांना भ्रम झाला. माणूस ओळखेनात, पांघरूण फाडायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, यांना विचारण्यात अर्थ नाही, जवळचे तुम्ही, तुम्ही ठरवा. दोन-तीन दिवसांनी सोडियम चढलं. सकाळी बाई उठून बसल्या, डॉक्टर पलंगापाशीच प्रकाशला जबड्याच्या ऑपरेशनचं सांगत होते ते ऐकलं आणि हाताने कीबोर्ड मागितला. प्रकाशने पलंगावरच्या टेबलावर मांडून दिला. आदल्या दिवशी नर्सने तो स्पिरिटने लख्ख पुसून ठेवला होता, जंतू नकोत म्हणून. जुनी मळकी चिकटपट्टीही काढून टाकली होती. हे प्रकाशने मला कौतुकाने सांगितलं, केवढी स्वच्छता असते म्हणून.

बाईंनी टाइप करायला घेतलं, नजर प्रकाशच्या तोंडावर. स्क्रीनवर नुसता कचरा. इंग्रजी अक्षरं, कंस, अर्धविराम, मध्येच आकडे. डॉक्टरांनी वाकून बघितलं आणि प्रकाशच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनाही वाटलं, भ्रम उतरलेला नाही.

"मला बघवेना रे," प्रकाश सांगत होता. "आत्या आणि असलं लिहिते? ती माझ्याकडे बघतेय, लिहितेय, परत बघतेय. मग मी आपला हो हो म्हणत राहिलो. म्हटलं, हो आत्या, तू म्हणशील तसंच करू. तेव्हा कुठे शांत झाली. माझा हात धरून बसली, पटकन झोपसुद्धा लागली तिला. मी बाहेर जाऊन सही केली. वाचवायला तर पाहिजे ना रे?"

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी त्याने मला मोबाईलवर फोटो पाठवला. खाली लिहिलेलं, 'आत्याने परवा हे टाइप केलं होतं. मशीनच बिघडलं असेल तर ती शुद्धीवर यायच्या आत नीट करायला पाहिजे. सांग काय करू.'

मी फोटो मोठा केला. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'इंग्रजी'. बाकी मशीनला काही झालं नव्हतं.

बाईंचा प्रोग्राम माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरही होता, बिघाड शोधायला लागायचा म्हणून. मी तो उघडला, मराठी चालू केलं आणि फोटोत जी जी इंग्रजी अक्षरं दिसत होती ती एकेक करून दाबत गेलो. काउंटरवर एक बाई आधार कार्डाचं लॅमिनेशन करायला उभी होती. मी तिला थांबा म्हटलं. काळ्या पडद्यावर अक्षरं जुळत गेली. 'प्रकाश, मला भ्रम झाला होता. आता शुद्धीवर आहे. सगळं कळतंय. यांना सांग जबडा कापायचा नाही. राहिलेत ते दिवस तोंडाने जेवीन. मला घरी ने. नेशील ना?'

एकही चूक नव्हती. बाईंनी एक अक्षरही इकडचं तिकडे टाइप केलं नव्हतं. आणि याला उत्तर काय मिळालं, तर हो आत्या, तू म्हणशील तसंच करू. बाई सुटकेने झोपल्या असणार. घरी जायचंय असं समजून ऑपरेशनच्या गाडीवर चढल्या असणार.

मला भर दुकानात रडू फुटलं. मग भयंकर राग आला, पण शिव्या कुणाला घालू? नर्सने कीबोर्ड स्वच्छ केला. डॉक्टरांना दिसलं त्यावरून ते बोलले. प्रकाशने आत्याला धीर दिला. एक माणूस असा सापडेना ज्याच्या कानाखाली वाजवावी. लॅमिनेशनवाली बाई म्हणाली, "दादा, मी मागाहून येते," आणि गेली. मी प्रकाशला उत्तर पाठवलं, वर उजवीकडचं स्क्रोल लॉक एकदा दाब, नीट होईल. एवढंच.

बाईंना घरी आणलं. पंधरवडा गेला आणि प्रकाशचा फोन आला. "संजू, तू सांगितलंस ते बटण दाबलं, मराठी येतंय, मी स्वतः टाइप करून बघितलं. तरी मशीन बिघडलंच आहे काहीतरी. आत्या बोलत नाहीये. हात लावायला तयार नाही."

मी गेलो. त्या दिवशी बाईंना मी शेवटचं बघितलं, पुढे महिन्याभरातच त्या गेल्या. ओटीवर आरामखुर्चीत होत्या. खालचा अर्धा चेहरा पट्ट्यांत, नाकात नळी. टेबल समोर मांडलेलं, बाईंचे हात मांडीवर. प्रकाश आजूबाजूला घुटमळत होता, नळीतून द्यायची पातळ पेज गाळत होता, आणि एकीकडे हसून बोलत होता, "आत्या, बघ कोण आलंय, दे याला शिव्या." बाई त्याच्याकडे बघत नव्हत्या. तो समोर आला की नजर वाडीकडे. मी त्यांना रागावलेलं आयुष्यभर बघितलंय, हे तसलं नव्हतं. ओळखच पुसून टाकल्यासारखं होतं, आणि प्रकाशला ते कळत होतं. त्याचे डोळे खोल गेले होते.

मशीन चालू केलं, उगाच इकडे तिकडे बघितलं. सगळं ठणठणीत होतं. प्रकाश वाटी आणायला आत गेला तसा मी बाईंच्या कानाशी वाकलो.

"बाई, हॉस्पिटलात तुम्ही टाइप केलंत ना, तेव्हा इंग्रजी चालू होतं. पट्टी निघाली होती, बटण दाबलं गेलं होतं. स्क्रीनवर नुसता कचरा आला. त्याला एक अक्षर कळलं नाही. तो आपला तुम्हाला बरं वाटावं म्हणून हो म्हणत होता."

बाईंनी मान वळवली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी खोटं बोलतोय का ते बघत असाव्यात. मग हात सावकाश वर आले. बोटं सुजलेली होती, तरी आपापल्या जागी बसली.

'म्हणजे त्याने ऐकलंच नाही.'

"नाही, बाई."

'मला वाटलं ऐकून हो म्हणाला. आणि फसवलं.'

बाईंचे डोळे भरून आले, पण बोटं थांबली नाहीत.

'तुला काय ठाऊक मी काय लिहिलं?'

"फोटो पाठवला होता त्याने. मी मराठीत करून वाचलं."

'त्याला सांगितलंस?'

"नाही."

'सांगू नकोस. त्याला वाटतंय त्याने मला वाचवलं.'

हे मी वाचलं आहे याची त्यांनी माझ्या तोंडावरून खात्री करून घेतली आणि पडदा पुसला. आतून प्रकाश वाटी घेऊन आला. बाईंनी त्याच्याकडे बघितलं. चांगलं रोखून बघितलं, आणि टाइप केलं. तो वाटी तशीच हातात धरून धावत आला आणि वाकला. स्क्रीनवर होतं, 'प्रकाश, जेवलास का?'

"चालू झालं!" त्याचा आवाज फाटला. "संजू, चालू झालं रे! काय बिघडलं होतं?"

"काही नाही," मी म्हटलं. "एक बटण अडकलं होतं."

"बघ, मी म्हणत होतो ना, मशीनच बिघडलंय." तो बाईंच्या पायाशी बसला आणि वाटी खाली ठेवून तोंड पुसत म्हणाला, "जेवतो आत्या. आत्ता जेवतो."